एकोणीस मिनिटांची कारकीर्द

हॅरेनब्रूख, ५ मे १९९९

ती. एल्फ्रीडे आत्यास,
फ्राउकेचा सा. न. वि. वि.

फुटबॉल क्लबाच्या शंभरीच्या पुस्तकात एवाल्डकाकांची कारकीर्द लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मैदानालाही त्यांचंच नाव देणार आहेत. काकांनी केक खात दोन तास मजकूर सांगितला. म्हणे सात वर्षं जर्मनीचा आधारस्तंभ! मी ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं तीनदा चाळली. देशाकडून एकच सामना, शेवटची एकोणीस मिनिटं. त्यात चेंडूला पाय एकदा लागला, तोही मैदानाबाहेर घालवायला. तरी बेकरीत अजून सगळे त्यांना ‘राष्ट्रीय खेळाडू’ म्हणतात. ही पदवी एकदा चिकटली की सुटत नाही.

मला काळजी आहे ती दुसऱ्याच ओळीची. सरावात थोरल्या भावानं, म्हणजे आपल्या बाबांनीच, आडवा पाय घातला, गुडघा गेला आणि कारकीर्द संपली, असं काका छापायला सांगतात. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले की लिही, खरंच आहे ते. एकतीस वर्षं दर शनिवारी बाबा मैदानावर चुन्याच्या रेषा का आखतात, ते मला आत्ता कळलं. पण खात्री नसताना लिहू कशी? तू तेव्हा घरीच होतीस ना?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
फ्राउके

कुक्सहाफेन, ११ मे

चि. फ्राउके हिस अनेक आशीर्वाद.

आधारस्तंभ! स्वतःची बॅगसुद्धा त्यानं कधी उचलली नाही, ती तुझा बाबा, गेरोल्ड उचलायचा.

गेरोल्डनं त्याला पाडलं ते शनिवारी. रविवारी चर्च सुटल्यावर हा गडी त्याच पायांनी बिअर प्यायला गेला, खुर्चीवर चढून ती एकोणीस मिनिटं करून दाखवू लागला आणि घसरला. गुडघा गेला तो तेव्हा. सूज उतरायला चक्क्याचा गार लेप मीच बांधला. देशाचा खेळाडू खुर्चीवरून पडला असं गावात सांगायचं का, असं आई म्हणाली, आणि मी गप्प बसले. एवाल्डची मला लाज वाटत नाही, तेवढी त्याची लायकी नाही. माझी मात्र वाटते. माझं नाव घालून छाप.

तुझी चुकलेली आत्या,
एल्फ्रीडे

हॅरेनब्रूख, १४ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

छापण्याआधी काकांना वाचून दाखवलं; मला ते योग्य वाटलं. ते नाही म्हणालेच नाहीत. एवढंच म्हणाले, “खुर्ची नको, टेबल लिही. जरा उंच वाटेल.” मी खुर्चीच ठेवली.

बाबांनी ते पान दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. शुक्रवारी रेषा आखायची गाडी ढकलत काकांच्या दारात नेऊन उभी केली. “एवाल्ड, उद्या तू.” काकांना ती थट्टा वाटली.

शनिवारी बँड आला, महापौर आले, नावाची पाटी उघडली. मैदान नुसतं हिरवंगार, एक रेष नाही. पहिली किक काकांनी मारायची होती, पण मध्य कुठे तेच त्यांना सापडेना. चेंडू काखेत धरून ते इकडून तिकडे फिरत राहिले. बाबा पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसून सॉसेज खात होते. मोहरीची चटणी त्यांच्या हनुवटीला लागली होती. ती न पुसताच त्यांनी हाक मारली, “एवाल्ड, एकोणीस मिनिटं झाली. ये आता बाहेर.”

माया अशीच राहू दे. गप्प मात्र राहू नकोस.

तुझी,
फ्राउके