पाचव्या दिवसाचं रक्त

दि. ४ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मागच्या खेपेला तू शपथ घालून गेलीस की काही चावलं, खरचटलं, सुजलं तर लपवायचं नाही. म्हणून लिहितो. शुक्रवारी बागेच्या वरच्या अंगाला सफरचंदांखालचं गवत कापलं. रविवारी अंघोळ करताना गुडघ्यामागे तिळाएवढं काहीतरी हाताला लागलं. तीळच समजलो, तर तिळाला पाय! गोचीड होती. तू विसरून गेलेल्या भुवयांच्या चिमट्याने सरळ ओढून काढली आणि साबणाने धुतलं. चिमटा परत मागू नकोस.

इकडे गोचिडीचा तो ताप दोघातिघांना झालाय, म्हणून आज दवाखान्यात जाऊन रक्त दिलं. कंपाउंडर कुरकुरत होता. मी ठणकावून सांगितलं की माझी भाची मोठ्या इस्पितळात रक्तच तपासते, तिच्या नावाने नळी पाठव. उद्याच्या गाडीने येईल. आपल्या घराण्याचं रक्त आहे, जरा तापट असेल, सांभाळून हाताळ.

खोऱ्यात फोन लागत नाही हे एका परीने बरंच आहे. फोनवर तू डॉक्टरीण होतेस, पत्रात भाची राहतेस.

लोभ आहेच, ओरडणं मात्र बेताने कर.

तुझा,
मामा

दि. ९ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं: रिपोर्ट निगेटिव्ह आहे. सोबत जोडलाय. टेस्ट मीच लावली, सहीही माझीच आहे.

दिवसभरात शंभरेक नळ्या माझ्या हातून जातात. कुणाचं नाव काय, लक्षातही राहत नाही. पण लेबलवर तुमचं नाव वाचलं आणि हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवलं. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. तेव्हापासून डबा, दप्तर, परीक्षेचा ताप, सगळं तुम्हीच बघितलंत. मला दुसरं आहे कोण? आकडा दिसेपर्यंत मी मशीनपाशी उभीच होते. आमच्या लॅबच्या मोठ्या बाईंनी दोनदा विचारलं की बरं नाही का.

आता निर्धास्त झोपा. गवत कापताना पँट मोज्यात खोचत जा. ध्यान दिसेल, पण तिथे झाडांशिवाय बघायला कोण आहे?

माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
ठमी

दि. २३ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा रिपोर्ट पोचला. दुकानदाराला दाखवला, पोस्टमनला दाखवला, दूधवालीला तर दोनदा दाखवला. सहीतलं तुझं नाव वाचून ती म्हणाली की एवढीशी होती ही. मी म्हटलं, अजून एवढीशीच आहे, फक्त सही मोठी झाली.

बाकी ठीक. मांडीच्या मागे एक लाल चकंदळ उठलंय. आधी रुपयाएवढं होतं, आता बशीएवढं झालंय, मधे जरा फिकट. दुखत नाही, खाजत नाही. उन्हाने असेल. अंगात थोडी कसर वाटते. दवाखान्यातले डॉक्टर नसत्या गोळ्या लिहून देत होते. मी तुझा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला आणि उठून आलो.

यंदा फळ चांगलं धरलंय. सवड काढून ये.

तुझा,
मामा

दि. २७ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नमुने नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती हे देतेय. दवाखान्यातही तिथल्या लँडलाइनवर फोन केलाय, कंपाउंडर गोळ्या घेऊन घरी येईल. त्याच्यासमोर पहिली गोळी घ्या. तो रिपोर्ट फाडून टाका.

मामा, ते चकंदळ उन्हाचं नाही, त्या गोचिडीचंच आहे. असं वाढणारं वर्तुळ दिसलं की रक्त तपासायचीही गरज नसते, सरळ औषध सुरू करतात. ही टेस्ट रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी शोधते, आणि रक्तात त्या दिसण्याजोग्या व्हायला काही आठवडे जातात. तुमची नळी पाचव्या दिवसाची होती. त्या रक्तात काही सापडणारच नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाची असती तर महिन्याने या म्हणून मीच परत पाठवली असती. फॉर्मवर चावल्याच्या तारखेचा रकाना असतो. तो मी मुद्दाम कोरा ठेवला, म्हणजे मोठ्या बाई अडवणार नाहीत. मला फक्त ‘काही नाही’ एवढं वाचायचं होतं. वाचलं, आणि तुम्हालाही कळवून मोकळी झाले.

रविवारी पहिल्या गाडीने येतेय. रागवायचं ते तेव्हा रागवा.

ठमी

दि. १९ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू इथे पंधरा दिवस राहिलीस, पण एक शब्द धड बोलली नाहीस. आलीस त्या रविवारी त्या तापाने माझं अर्धं तोंड लुळं पडून वाकडं झालेलं पाहिलंस आणि दारातच बसलीस. त्यानंतर नुसती गोळ्यांच्या वेळा सांगत राहिलीस. तेव्हा सांगायचं राहिलं ते आता लिहितो.

आज शेवटची गोळी घेतली. ताप गेला. चहा अजून उजव्या कोपऱ्यातून गळतो, म्हणून रुमाल लावून पितो. डोळा झोपताना तू दाखवलंस तसा पट्टीने मिटवतो. या गोळ्यांवर उन्हात फिरायचं नाही म्हणून तीन आठवडे बागेकडे खिडकीतून बघतोय. झाडांना वाटत असेल, म्हातारा रुसला.

तू स्वतःला किती बोल लावतेस ते तुझ्या पाठीवरूनही दिसत होतं. तर आता माझंही ऐक. त्या दिवशी डॉक्टरांनी मला सगळं नीट समजावलं होतं. रिपोर्ट लवकरचा आहे, त्याला अर्थ नाही, वर्तुळ दिसतंय तेवढं पुरे, असं ते स्पष्ट म्हणाले. मला पटलंही होतं. पण ते तुझी सही बघून किंचित हसले. त्या क्षणी गोळ्या घेणं म्हणजे त्यांच्यासमोर तुला खोटं पाडणं, असं मला वाटलं. तुला खोटं पाडून बरं व्हायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून उठून आलो.

तेव्हा सगळा गुन्हा एकटीच्या नावावर करून घेऊ नकोस. अर्धा माझा आहे.

तुझा,
मामा

दि. २४ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग इतका राग आला की समोर असता तर कान धरला असता. कोणी हसलं म्हणून गोळ्या नाकारायच्या? माझी अब्रू तुमच्या चेहऱ्यापेक्षा मोठी होती का?

मी तिथे असताना घेतलेल्या तुमच्या दुसऱ्या नमुन्याचा रिपोर्ट आला. पहिली आणि नंतरची खात्रीची, दोन्ही टेस्ट मोठ्या बाईंनी स्वतः केल्या, दोन्ही पॉझिटिव्ह आहेत. घाबरू नका. बरं झाल्यावरही तो बराच काळ तसा येऊ शकतो.

रकान्याचं मी बाईंना सांगून टाकलं. त्या खूप बोलल्या, पण कामावरून काढलं नाही. मीच मागून नमुने घेण्याच्या खिडकीवरचं काम घेतलंय. लोकांच्या नळ्यांना लेबलं चिकटवायची, एवढंच काम. टेस्ट लावायला घेतली की नळी परत खाली ठेवते. मला ते काम झेपणारं नव्हतंच, असं वाटतं.

एक वचन द्या. यापुढे मी चुकले की तोंडावर सांगायचं, तिथल्या तिथे.

तुमची,
ठमी

दि. ११ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वचन दिलं, आणि लगेच पाळतो. तू चुकते आहेस.

खिडकीवर बसणं चूक आहे. झेपत नाही म्हणतेस तेही चूक. ज्याचं तोंड वाकडं झालं तो मी सांगतोय, तेव्हा माझा शब्द वरचढ धर. परवा चहा पिताना रुमाल मांडीवरच राहिला, थेंबही सांडला नाही. हसतो तेव्हा अजून जरा तिरकं होतं. दूधवाली म्हणते की आधीही तिरकंच हसायचात.

या खोऱ्यात गवत कापणारे खूप आहेत. उद्या त्यांच्यातलं कोणी घाबरून नळी पाठवील. ती कधीच न चुकलेल्या माणसाच्या हाती जाण्यापेक्षा तुझ्या हाती गेलेली मला बरी. लवकर ‘काही नाही’ म्हटल्याने काय होतं, हे तुझ्याइतकं तिथे कोणाला कळलंय? दहा वेळा नळी खाली ठेव, पण अकराव्यांदा टेस्ट लाव.

सोमवारी टेबलावर बस. बसलीस की एक ओळ टाक. तोवर मला जेवण गोड लागणार नाही.

तुझा,
मामा

दि. १८ ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बसले.

पहिलाच फॉर्म एका आईने आणला होता. मुलीला गोचीड चावून चार दिवस झाले होते. रक्त घेऊ नका, असं मी खिडकीवर जाऊन सांगितलं. अंगावर काय बघत राहायचं, ते दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे कसं जायचं, हे कागदावर लिहून दिलं. रक्त द्यायला यायची तीन आठवड्यांनंतरची तारीखही लिहिली. आज निदान ‘काही नाही’ तरी म्हणा, असं ती हात जोडून म्हणत राहिली. मी ते म्हटलं नाही.

मग बाहेर जाऊन तिच्याजवळ बाकावर बसले, तिला उठावंसं वाटेपर्यंत.

आता पोटभर जेवा.

तुमची,
ठमी