दारावरचा हात

२० नोव्हेंबर १९६२, बेर्शेबा

घर बघायला आलेलं आजचंही गिऱ्हाईक गेलं! माणसं भली होती. अंगणातलं डाळिंब पाहून खूश झाली. निघताना बाईंची नजर दाराच्या वर गेली. "हे काय, रक्त?" मी सांगत होते – आमच्यात पेसाहला बकऱ्याच्या रक्तात पंजा बुडवून दारावर उमटवतात, मिसरमधून सुटल्याची आठवण म्हणून – तेवढ्यात कुंपणापलीकडून एदना म्हणाली, "इंडियन लोक! जादूटोणा करतात. आणि वास? तो भिंतींतून जायचा नाही."

संपलं.

२१ नोव्हेंबर

नुरीत रामल्याहून आली. म्हणते, चुना मार त्याच्यावर, घर लगेच जाईल. हेही हिब्रूत. मी मराठीत बोलते, ती हिब्रूत उत्तर देते. अग, बापाचा हात तो! हा उमटवला त्या पेसाहनंतर हाइम फार दिवस जगला नाही. करंगळी वाकडी उमटली आहे – ठाण्याला क्रिकेट खेळताना मोडलेली. बसलं की मी तेवढीच बघत राहते.

चुना नाही.

९ जानेवारी १९६३

एदनाने निरोप पाठवला – घर ती घेईल, तिच्या गिदोनसाठी. पडत्या भावात! म्हणजे गिऱ्हाइकं ह्यासाठी पळवत होती.

ह्याच गिदोनशी नुरीतचं लग्न ठरलं होतं. रब्बींनी आमच्या आज्या-पणज्यांची चौकशी काढली. खरे यहुदी कशावरून? आमच्या नवगावात शुक्रवारचा दिवा कधी चुकला नाही, आणि आम्हाला विचारतात! एदना माझ्या ओट्यावर उभी राहून म्हणाली, "आधी कागद, मग सून." गिदोन तिच्या मागे बुटांकडे बघत. नुरीतने त्याच आठवड्यात ट्रंक भरली. आता रामल्यात एका खोलीत एकटी राहते. घर विकून तिच्याजवळ जायचं, एवढंच माझं मागणं.

पण त्या बाईला? घराची माती होऊ दे, तिला देणार नाही!

७ एप्रिल

उद्या पेसाह. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, शत्रूसाठी प्रार्थना कर. केली – ऐन सणात तिचा नळ कोरडा पडू दे.

आमेन.

३ सप्टेंबर

मिळाला! रूवेन झिराडकर. भायखळ्याचा, आपल्यातला. दारात आला, वर बघितलं, बोटं दारावरच्या पंजाला लावून ओठांना लावली. माझे डोळे भरले.

मग म्हणाला, "मिलीबाई, आधीच सांगतो, आमचं घर मुकं नाही हां. बारकी सगळी ओरडतात, कोंबडे आहेत, आणि मी पेटीवर कीर्तन करतो. शेजाऱ्यांना चालंल?"

मी म्हटलं, "शेजारी फार रसिक आहेत हो. खिडकी उघडी ठेवूनच गात जा."

भाव मीच उतरवला. अंगणात त्याचा थोरला, सॅमी, नुकताच फौजेतून सुटलेला, आपल्या हाताने डाळिंब तोडून खात होता. कुंपणाशी एदनाची लेक दालिया उभी होती. आई खेकसली तरी आत गेली नाही.

२९ ऑक्टोबर, रामला

ट्रकमध्ये चढले तेव्हा पेटी वाजत होती. एदना धाडधाड खिडक्या लावत होती. काय गोड आवाज तो!

हाइमच्या हाताचा निरोप घेतला. रूवेन म्हणाला, पुढच्या पेसाहला ह्याच्या बाजूला माझा उमटवीन, ह्याला धक्का लावणार नाही.

१४ जून १९६४

एदना आली! बसने, उन्हातून, माझा पत्ता विचारत. सॅमी आणि दालिया लग्न करणार म्हणून हटून बसली आहेत. आता रब्बींनी सॅमीच्या आज्या-पणज्यांची चौकशी काढली आहे. जुनं कोणीतरी साक्षीला हवं. "तू झिराडकरांना ओळखतेस. आणि त्या हाताचं सांग रब्बींना, मिली. मिसरची खूण आहे म्हणून सांग."

मी विचारलं, "कुठला हात? तो जादूटोण्याचा?"

ती खुर्चीवर टेकली. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. बसू दे अशीच, म्हटलं.

तेवढ्यात नुरीत आतून आली. एदनाला पाण्याचा ग्लास दिला. माझ्याकडे वळून म्हणाली, मराठीत –

"जा, आई. माझ्या वेळी कुणीच गेलं नाही."