पाचवं मत

वहिनी,

बॉम्ब टाकणाऱ्या त्या वैमानिकाचे हात झडोत, असं सारखं म्हणू नकोस! झडायला हवेत ते माझे.

मी मोबाईलवर चौकोन काढत बसायचे, तेव्हा तू चिडवायचीस, "नणंदबाई, एवढ्या चौकोनांत एखादा नवरा सापडला का?" ते उपग्रहातून काढलेले फोटो होते; त्यांतल्या गाड्या चौकोनात घेऊन ओळखायच्या, लष्करासाठी. एका गाडीला माझ्यासारखंच काम करणारे दोघं तोफ म्हणाले, दोघं टँकर. पाचवं, निर्णायक मत माझं होतं. मी तोफ म्हटलं.

काल आपण दादाचे तुकडे चादरीत गोळा करत होतो. तेव्हा मला दिसली त्या फोटोतली तीच पडकी भिंत, आणि त्याच्या पाण्याच्या जळक्या टँकरवर बांधलेला तो लांब पाईप.

हे पत्र द्यायची हिंमत नाही, सोबतच नेते. तू ती चादर धुऊन येईपर्यंत मी गेलेली असेन.

हात अजून शाबूत असलेली,
तुझी नणंद