जुनेर

परतूर,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

चि. संध्यास,

दैवाक्काचा आशीर्वाद. इकडं सगळे बरे. तुझ्या दाजींचा खोकला कमी हाय, कापसाची पहिली वेचणी झाली. फोन केला की तू "आक्का, कामात हाय" म्हणून ठेवून देतीस, म्हणून कागद घेतला.

तू शिवून विकतीस त्या गोधड्यांसाठी जुन्या साड्या पाहायला मी तीर्थपुरीच्या बाजारात गेल्ते. संध्ये, काय घाण गं ती! ताडपत्रीवर हा ढीग. हात घातला की कुणाच्या घामाचा वास, कुणाच्या डोक्याच्या तेलाचा. एका साडीवर तर उलटीचा डाग वाळलेला. भांडेवाल्या बाया गावोगाव भांड्यावर कपडे घेत फिरतात ना, तेच हे. विकणारी म्हणते, "उचला मावशी, पुण्याचे लोक लई नेतात." मी पदर नाकाला लावला. लोकांचं अंगावरून उतरलेलं उशाला घ्यायचं आन त्याला म्हणायचं व्हिंटेज! थू.

तरी तू सांगितलं म्हणून फोटो पाठवले. जल्दी उत्तर आलं तुझं. "तो हिरवा पीस, जांभळ्या काठाचा, मधे जोड असलेला. तोच घे. किती ऑथेंटिक!"

जोड न्हाई गं बाई, दंड हाय तो. लुगडं मधे विरलं की तेवढं फाडून काढायचं आन राहिलेले तुकडे जोडून शिवायचे. विसरलीस? बाजारात माझ्याही ध्यानात आलं न्हाई. घरी आणून उलटं केलं तर टाके सगळे उलट्या बाजूला कललेले. डाव्या हाताचे. आपल्या घरात डाव्या हातानं कोण शिवायचं, ते मी लिहीत न्हाई.

दुसऱ्या दिवशी वाटूरला माहेर गाठलं. आपला कल्याण शेतात गेल्ता. त्याच्या मीनानं चहा ठेवला, चांगली बोलली. माय कुठं म्हणलं तर आतल्या खोलीकडं बोट केलं.

माय भिंतीकडं तोंड करून बसल्ती. अंगात मॅक्सी. गुलाबी, छातीवर अस्वल छापलेली, मीनाच्या पोरीची जुनी. पिंढऱ्या उघड्या. मला पाहिलं तशी तिनं उशी ओढून पायावर घेतली. जन्मात जिच्या डोईवरचा पदर ढळला न्हाई, ती माय! म्हणाली, "दार लोट गं."

मीना म्हणते, "आक्का, त्यांचं कपड्यातच होतंय. नऊवार रोज कोण धुईल? जुनेरं पडल्ती, भांडेवालीला दिली आन त्यांच्याच आंघोळीला टब घेतला." तिला त्यात काही चुकलंय असं बिलकुल वाटत न्हवतं. ती धुती, हे खोटं न्हाई. पण जुनेर कशाला म्हणतात? बाई आपल्या हातानं घडी घालून वाकळेसाठी बाजूला ठेवती, ते जुनेर. जित्या बाईच्या वलणीच्या दोरीवरून ओढून नेलं ती लूट.

मला मीनाची किळस आली. कल्याणची तिच्याहून जास्त, रोज मायपुढं बसून जेवतो मेला, आन त्याला काही दिसलं न्हाई. आन सगळ्यात जास्त तुझी आली, संध्ये. त्यांनी लुगडं विकलं. तू त्यावर बोट ठेवून पसंत केलंस. त्याच पदराखाली पिऊन मोठी झालीस तू.

मायला इकडं घेऊन आले, चादरीत गुंडाळून, रिक्षात घालून. लुगडं उकळत्या पाण्यातून काढलं, तरी त्या ढिगाचा वास काही जाईना. माझ्या नाकात अजून बसलाय. मायला तो आलाच न्हाई. काठावरून हात फिरवला आन म्हणाली, "माझं हाय."

बाकीच्या साड्या या गठुड्यात बांधल्यात. शिव, वीक, काय करायचं ते कर. हिरवं मिळणार न्हाई.

अडचण एकच हाय. तिच्या पायात जोर न्हाई, नेसवायला दोघी लागतात. एकीनं काखेत धरायचं, दुसरीनं कासोटा घालायचा. सूनबाई माहेरी गेलीय, आन मला एकटीला दोन्ही होत न्हाई. आत्ता मी लिहून राह्यले आन माय अर्धं नेसून खाटेवर बसलीय, उरलेलं लुगडं मांडीवर धरून. मघापासून विचारती, "धरायला कोण येतंय गं?"

तुझ्यावर इतकी चिडल्ते, तरी तोंडातून तुझंच नाव गेलं. आता मायपुढं मला खोटं पाडू नको.

तुझी,
दैवाक्का