फिल्मला न दिसलेला लाल

३ मार्च

चि. धाकटीस, दादाचे थकल्या हाताने अनेक आशीर्वाद.

पंचवीस वर्षं कॅमेऱ्याचं हँडल फिरवून खांदा कामातून गेला, डोळ्यातही मोतीबिंदू उतरलाय. महिनाअखेर घरी बसणार. त्याआधी पोटातलं एक सांगतो.

आमच्या मूकपटात तू काम केलंस, तेव्हा मी तुला सगळीकडे उजव्या बाजूनेच घेतलं. लोक म्हणाले, काय नजर आहे! नजर कसली डोंबलाची. तेव्हाची फिल्म लालाला आंधळी. लाल ते सगळं काळं, आणि निळं आभाळ पांढरंफटक. तुझ्या डाव्या गालावरचा लाल डाग चाचणीच्या फिल्मवर शाई सांडल्यासारखा उमटला. मी काही बोललो नाही, नुसती मान वळवायला सांगत राहिलो. त्यानंतर तू स्टुडिओत पाऊल टाकलं नाहीस.

आता लाल दिसणारी फिल्म आलीय. एकदा समोर बसशील?

म्हाताऱ्यावर माया असू दे.

९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

म्हणजे दोष फिल्मचा होता! अठरा वर्षं मी समजत होते, दादाला माझी लाज वाटते. घरातसुद्धा डावा गाल भिंतीकडे करून बसायची सवय लागली. ह्यांना वाटतं, मला त्या कानाने कमी ऐकू येतं. तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर जीभ झिजली असती का? दमले रे.

रविवारी येते. पावडर लावणार नाही, आत्ताच सांगते.

रागावले तरी तुझीच,
धाकटी

२१ मार्च

ती. दादास, सा. न.

रविवारी काढलेलं चित्र पोचलं. गाल धुतल्यासारखा कोरा! जाऊबाईंनी विचारलं, ह्या कोण? खरं सांगू, मलाही बाई परकीच वाटली. आई गर्दीत मला ह्याच डागावरून शोधायची. जुन्या फिल्मने तो काळा केला, नवीने पुसला. मग मी कुठे आहे रे? ती जुनी चाचणी असेल तर पाठव. शाई तर शाई.

धाकटी

२६ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

डबा उघडला. जपून ठेवली होती गं, पण फिल्म विरघळून काकवीसारखी चिकटली होती. वासाने ठसका लागला.

नव्या फिल्मला लाल दिसतं, पण ती ते कातडीइतकंच उजळ उतरवते, म्हणून डाग गालात मिसळून गेला. कोरा गाल बघून मी आधी खूश झालो होतो. गाढवपणा, तोही दुसऱ्यांदा.

भिंगापुढे फिकी हिरवी काच धरली की लाल जरासं गडद उतरतं. ना शाई, ना कोरं. माझ्या हातावर भाजल्याची लाल खूण आहे, तिच्यावर करून पाहिलं. हुबेहूब आली.

एकतीसला माझा शेवटचा दिवस. शेवटचं चित्र तुझं. मान वळव म्हणणार नाही. फक्त धीर धरून बस, हँडल आता हळू फिरतं.

लोभ आहे तस्साच राहू दे.

दादा