कुंकू लागलेली फ्लॉपी

॥ श्री ॥
रामनगर, ता. जोयडा
२० ऑक्टोबर १९९१

ती. वासूदादास,
विमलचा सा. न. वि. वि.

तुझा संगणक सुखरूप पोचला. बेळगावहून यांनी तो ट्रकमध्ये स्वतःच्या सीटशेजारी दोरीने बांधून आणला. सासूबाई म्हणाल्या, माझ्या वरातीत मलासुद्धा एवढं जपून आणलं नव्हतं. तुमच्या पुण्याच्या ऑफिसने मोडीत काढलेला का असेना, इथे तो बघायला जगलबेटची माणसं येऊन गेली.

मुलींचा वर्ग दसऱ्याला सुरू करायचा आणि मुहूर्ताआधी मशीनचं बटण दाबायचं नाही, हे मीच ठरवलं होतं. खंडेनवमीला यांनी ट्रक, पहार, विळे, सगळ्यांची पूजा केली आणि दसऱ्याला पहाटेच दांडेलीला गेले. मामंजी गेल्यापासून सासूबाई अशा वेळी मागच्या दारी तांदूळ निवडत बसतात, तशाच बसल्या होत्या. मुली आल्या, त्यांच्या आया आल्या. मी फ्लॉपी घालायला घेतली तर तिच्या उघड्या खाचेत हळदकुंकू! पुसून घातली. मशीन नुसतं घरघरलं. तू सांगितलेलं ‘ए’ अक्षर आणि त्यापुढची चोचीसारखी खूण काही उमटली नाही. ऑपरेटिंग सिस्टिम त्या फ्लॉपीतच आहे, ती बिघडली तर मशीन म्हणजे पत्र्याचा डबा, हे तूच बजावलं होतंस.

कुंकू कुणी लावलं म्हणून मी ओरडले. सासूबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, मीच लावलं. मग माझा तोल गेला. सगळ्या बायकांसमोर मी विचारलं, की तुम्हाला कुंकवाला हात लावायला सांगितलं होतं कुणी. त्यांनी आत जाऊन पिशवी भरली. दुपारच्या गाडीने बाजारकुणंगला लेकीकडे, म्हणजे पारूवन्संकडे, निघून गेल्या. जाताना सोनंसुद्धा दिलं नाही.

राग आहेच, पण घास उतरत नाही. मुली रोज दारातून डोकावून जातात. दुसरी फ्लॉपी लवकर पाठव. वहिनीला नमस्कार सांग, आणि बहिणीवर आहे ती माया राहू दे.

तुझी,
विमल


पुणे
२८ ऑक्टोबर १९९१

चि. सौ. विमल हिस,
वासूचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं हसूही आलं. फ्लॉपीच्या खाचेत कुंकू म्हणजे डोळ्यात मिरचीपूड; ती आंधळी होणारच. सासूबाईंना यातलं काय कळणार? वयाकडे बघून सोडून दे. तुझी जीभ आईवर गेली आहे, हे मी उमाजीरावांना लग्नाच्या मांडवातच सांगितलं होतं, तेव्हा त्यांना ती थट्टा वाटली.

सोबत पुठ्ठ्याच्या पाकिटात दुसरी फ्लॉपी आहे. पहिलीच्याच जोडीची. ट्रंकेत ठेव, देवापासून लांब.

जाता जाता, मशीनच्या पाठीमागे एक छोटी पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर बनावटीचं नाव असेल. ते सवडीने उतरवून कळव. विशेष काही नाही, सहज.

दिवाळीला येणं जमणार नाही, ऑफिसात कामाचा डोंगर आहे. रागावू नकोस.

तुझा,
वासूदादा


रामनगर
१४ नोव्हेंबर १९९१

ती. वासूदादास,
सा. न. वि. वि.

दिवाळी झाली एकदाची. सासूबाई आल्या नाहीत. हे त्यांना न्यायला गेले आणि एकटेच परत आले. काय झालं विचारलं तर नुसते ट्रकखाली शिरून काहीतरी पिळत बसले. दोन्ही वेळा जेवताना मान खाली. आईची आठवण येत असेल म्हणून मीही खोदून विचारलं नाही.

तुझी दुसरी फ्लॉपी ट्रंकेतून काढून मीच घातली. तिला कुणाचं बोट लागलेलं नव्हतं. दादा, तेच! तसंच घरघरणं, तसाच कोरा पडदा. मग कुंकवाने काय बिघडवलं होतं? पट्टीवरचं नाव वेगळ्या कागदावर उतरवून पाठवते आहे.

भाऊबीजेला तू नव्हतास, म्हणून शेजारच्या यमुनाकाकींकडे बसले होते. त्या हळूच म्हणाल्या, विमल, नवरा गेलेल्या बाईला चारचौघीत कुंकवावरून बोललीस, ते माझ्याही काळजाला लागलं. शपथेवर सांगते, माझ्या मनात तसलं काही नव्हतं. मला फक्त ती फ्लॉपी दिसत होती. पण बोलले ते बोलले. तेव्हापासून त्यांची सुपली कोनाड्यात दिसली तरी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काय ते खरं कळव. तुझ्या पत्राकडे डोळे लागले आहेत.

तुझी,
विमल


पुणे
२२ नोव्हेंबर १९९१

चि. सौ. विमल हिस,
आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही, तरी घे.

चूक माझी आहे. आमच्याकडे दोन वेगवेगळ्या बनावटींची मशीनं मोडीत निघाली. दोन्हींच्या फ्लॉप्या दिसायला सारख्या, सिस्टिमचं नावही एकच. पण एका बनावटीसाठी तयार केलेली फ्लॉपी दुसरीवर चालत नाही. तुला मशीन एक दिलं आणि फ्लॉपी दुसऱ्याची, तीही लावून न बघता. दुसरी पाठवली ती पहिलीचीच प्रत. कुंकू लागलं नसतं तरी दसऱ्याला पडदा कोराच राहणार होता.

याहून वाईट सांगतो. तुझं पहिलं पत्र वाचतानाच मनात शंकेची पाल चुकचुकली होती. पट्टीवरचं नाव ‘सहज’ विचारलं ते त्यासाठीच. पण कुंकू आयतं सापडलं, आणि माझा हलगर्जीपणा एका म्हातारीच्या पदरात टाकून मी मोकळा झालो. वर हसलोसुद्धा. स्वतःची लाज वाटते.

अडगळीतून तुझ्या मशीनची मूळ फ्लॉपी शोधली, प्रती केल्या, आणि तसल्याच दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिल्या. ‘ए’ उमटतो, चोचीसकट. एक वापर, एक जपून ठेव. हे पत्र सासूबाईंपर्यंत पोचव. आणि या खेपेला पाकिटावर त्यांच्याच हाताने कुंकू लावून घे. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

क्षमा मागण्याइतका मोठेपणा उरला असेल तर तुझा,
वासूदादा


बाजारकुणंग
३ डिसेंबर १९९१

चि. सौ. विमल हीस,
काशीचे आशीर्वाद. पारूकडनं लिहून घेते हाय. माझे शब्द बदलू नको म्हणून तिला बजावलंय.

उमाजी तुझं माफीचं पत्र आणि वासूचं, दोन्ही घेऊन आला. पारूनं वाचली. मशीन चालू झालं, पोरी रोज येतात, असं उमाजी सांगत हुता. बरं झालं. इकडं भात कापून झालं, मळणी चाललीय.

वासू भला हाय. चूक कबूल करायला छाती लागती. पण त्यो लिवतोय माझ्या हातानं कुंकू लावून घे. त्याला सांग, नको बाबा. तुझे मामंजी गेल्यापास्नं मी करंड्याला हात लावलेला न्हाई. त्या नवमीलाबी न्हाई.

ट्रकच्या चाकाला लावलं तसं तुझ्या त्या फ्लॉपीलाबी उमाजीनंच लावलं. मी मागल्या दारातनं बघितलं. बायकोच्या कामाला यश यावं म्हणूनच लावलं त्यानं. पण तू कडाडलीस, आणि सणाच्या दिवशी त्यो घरात आल्या आल्या तुमची जुंपणार असं दिसलं, म्हणून मी मदी पडले. मला न्यायला आला तवा सगळं ऐकून रडला. आत्ताच जाऊन विमलला सांगतो म्हणाला. मीच शपथ घालून गप्प बसवलं. त्याच्यावर राग काढू नको.

तू वरडलीस त्याचं मला काय न्हाई. तरणं रगात हाय, वरडणारच. पण मी लावलं म्हटलं तवा मला वाटलं हुतं, तू हसशील. म्हणशील, अत्ती, खोटं कशाला बोलता, तुमचा हात करंड्याला लागत न्हाई ते मला ठाऊक न्हाई व्हय? एवढी वर्सं एका चुलीवर जेवलो आपण. तू ते म्हणाली न्हाईस.

असू दे. सोमवारी उमाजीला पाठव, येते. दसऱ्याचं सोनं तुला द्यायचं ऱ्हायलंय. ती पानं अजून पदराला बांधून हायत, वाळली आसतील तेवढी.

जेवत जा.

तुझी,
काशी