घरचं बीज

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
ठमीचा शि. सा. न.

तुझं पत्र परवा हातात पडलं. लॅबच्या मागच्या जिन्यावर बसून वाचलं आणि डबा तसाच राहिला. हे फोनवर बोलता आलंच नसतं, खरंय. तुमच्याकडे फोन वाजला की सासूबाईंचे कान टवकारतात, आणि आमच्या दीड खोलीत भिंगरीपासून काही लपत नाही. सहा वर्षांची कार्टी, पण कान भारी तिखट.

तर डॉक्टर म्हणाले की चाळिशीत आता तुझी बीजं कामाची नाहीत, दुसऱ्या बाईचं बीज घ्यावं लागेल, आणि ते भाऊजींच्या बीजाशी जुळवून गर्भ तुझ्या पोटात ठेवतील. एवढ्यासाठी तू दोन पानं रडून काढलीस! अगं वेडे, मी मेले का? दुसरी बाई कशाला शोधायची? मी एकतीस वर्षांची, धडधाकट, एक पोर पदरात. घे की माझं. बाळ तुझ्या पोटात वाढेल, तुझंच होईल, मी आपली मावशी. उद्या हक्क सांगायला यायची नाही, लिहून हवं तर लिहून देते.

बीज देणाऱ्या बाईच्या म्हणून तू पत्रात ज्या रक्ततपासण्या लिहिल्यास, त्या सगळ्या मी लगेच करून घेतल्या, रिपोर्ट सोबत जोडलाय. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, तुझ्या बहिणीला द्यायचंय, त्यात मला काय विचारतेस. भिंगरीला मात्र मी उतावळेपणानं सांगून बसले की मावशीला बाळ हवंय आणि आई मदत करणार. आता ती सारखी विचारते, ते माझ्यासारखं दिसेल का.

कामाचं म्हणशील तर लॅबमध्ये नकली दातांचा ढीग पडलाय. लोकांच्या एकेक तऱ्हा! नकली दात करायचा तर शेजारच्या दाताच्या रंगाचा करावा लागतो, नाहीतर तोंडात दिवा लावल्यासारखा दिसतो. पण ज्याला त्याला सगळ्यात पांढराच हवा. काल एक आजोबा हटूनच बसले. दातांच्या डॉक्टरांनी हात टेकले, आम्ही दिला करून. आता आजोबा हसले की तो दात एकटाच हसतो.

लवकर तारीख कळव. रडू नकोस, आणि माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ठमी


२१ फेब्रुवारी

चि. ठमीस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते उठून गॅलरीत गेले.

पण ठमे, एक अडचण आलीय. तुझ्या रिपोर्टमध्ये थायरॉइडची काहीतरी गडबड दिसतेय. डॉक्टर म्हणाले की अशा बाईचं बीज घेता येत नाही. मला फार वाईट वाटलं. तू मनाला लावून घेऊ नकोस, असतं एकेकाचं. दवाखानाच आता एका अनोळखी बाईची व्यवस्था करणार आहे. तिचं नावगाव आम्हाला कळणार नाही, आमचं तिला नाही.

भिंगरीला काहीतरी सांगून गप्प कर, लहान मुलं विसरतात. इकडे शाळेच्या ऑफिसात प्रवेशांची झुंबड आहे. खिडकीपाशी पालकांची रांग, आणि मोठ्या बाईंना सगळं कालच झालेलं हवं असतं. मान वर करायला फुरसत नाही, ते एका परीनं बरंच आहे. सासूबाई बऱ्या आहेत, तुझी आठवण काढतात.

तब्येतीला जप. दूर असलीस तरी जवळच राहा.

तुझी,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र वाचून माझी पाचावर धारण बसली. थायरॉइड म्हणजे काय, हे लॅबमध्ये सगळ्यांना विचारून झालं. एक म्हणाली गळा सुजतो, दुसरी म्हणाली केस जातात, तिसरीनं तर तिच्या जावेचं काय झालं ते सांगितलं, ते तुला लिहीत नाही. मी येता-जाता आरशात गळा चाचपायची. मग वाटलं, पोरीलाही असेल तर? तिलाही नेऊन तपासलं. सुई टोचली तशी तिनं दवाखाना डोक्यावर घेतला. आमचे हे मला पाण्याची बादली उचलू देईनात.

शेवटी थायरॉइडच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. जुना रिपोर्ट, नवा रिपोर्ट, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. ते हसायलाच लागले. म्हणाले, दोन्हींत काही नाही, तुम्हाला घाबरवलं कुणी?

म्हणजे तुमच्या दवाखान्यानं घोळ घातला गं! दुसऱ्याच कुणाचा तरी रिपोर्ट बघितला असणार. त्यांना चांगलं खडसाव, नाहीतर मी येऊन खडसावते. त्या अनोळखी बाईला नको म्हणून सांग. लॅबनं कुरकुरत का होईना, रजा दिलीय. भिंगरी माझ्या नणंदेकडे राहील. २८ तारखेच्या गाडीचं तिकीट काढलंय, भाऊजींना स्टेशनवर पाठव.

ताई, एक लिहू? समोर आले की जमणार नाही. लहानपणी आई मला मोरीत बसवून ते डाळीचं पीठ फासायची आणि अंग घासायची. उजळेल म्हणे. कातडी हुळहुळायची. तू बाहेर पाहुण्यांपुढे गोरीपान बाहुली आणि मी आत. एक दिवस तू आलीस, ती पिठाची वाटी उचलून मोरीत ओतलीस आणि आईला म्हणालीस की माझ्या बहिणीला पुन्हा असा हात लावायचा नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पुढे स्थळं आली, नाकं मुरडून परत गेली, लोक काय काय बोलले. पण आपल्या घरात एक माणूस असं आहे की ज्याला माझा रंग दिसत नाही, एवढ्यावर मी निभावलं. तुझ्यासाठी चार इंजेक्शनं टोचून घ्यायची, त्यात काय मोठं?

येतेच आहे. तोवर काळजी करायची नाही, हा धाकटीचा हुकूम.

तुझी,
ठमी


२२ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद कुठल्या तोंडानं लिहू?

येऊ नकोस. तिकीट रद्द कर. दवाखान्यानं घोळ घातलेला नाही. तुझा रिपोर्ट मी त्यांना दाखवलाच नाही. थायरॉइडचं मी मनानं लिहिलं. आमच्या मोठ्या बाईंना थायरॉइड आहे, तेच आठवलं. तू अशी धास्तावशील, लेकराला सुई टोचवून आणशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वाटलं, तू हळहळशील आणि सोडून देशील.

सासूबाईंवर ढकलता आलं असतं, तुझा विश्वासही बसला असता. पण त्याच म्हणत होत्या की ठमीचं घे, घरचं असलेलं बरं. हेही तेच म्हणत होते. नको म्हणणारी मी एकटी. दवाखान्यातल्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं की डोनर कशी हवी, काही अपेक्षा? मी तोंड उघडलं आणि पहिला शब्द निघाला तो गोरी. तब्येत नाही, शिक्षण नाही, काही नाही. हे माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटत होतं की मी अजून विचार करतेय, पण माझं कधीच ठरलेलं होतं.

का, ते सांगते. पटलं नाही तरी वाच. ती वाटी मी ओतली कारण मला ते बघवत नव्हतं. तुझं रडणं अजून कानात आहे. स्थळ परत गेलं की तू गच्चीवर टाकीमागे जाऊन बसायचीस आणि मी तुला हाताला धरून खाली आणायची. मला आता एकच लेकरू होणार. मुलगी झाली आणि तुझ्यावर गेली, तर ते सगळं तिच्या वाट्याला. पुन्हा बघायची ताकद माझ्यात नाही. ठमे, मी तुला नको म्हटलं नाही गं. तुझ्या वाट्याला आलं ते नको म्हटलं.

सोमवारी गर्भ पोटात ठेवला. टिकतो का ते पंधरा दिवसांनी कळेल. मला वाटेल ते बोल, पण बोल.

ताई


१४ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं उत्तर नाही. फोन केला की तुमचे हे उचलतात आणि ती कामात आहे म्हणतात. इतकं कसलं गं काम? शिव्या घाल, भांड, पण हा अबोला मला सोसवत नाही.

मला दिवस गेलेत, ठमे. परवा तपासणी झाली. सासूबाई मला पलंगावरून उतरू देत नाहीत, हे उगाचच हसत घरभर फिरतात, आणि मी टपाल आलं का ते विचारत बसते. या बाळाला मावशी म्हणून तूच आहेस, दुसरी कुठून आणू? सुट्टी लागली की भिंगरीला घेऊन ये. तिच्यासाठी एक फ्रॉक घेऊन ठेवलाय. फिकट रंगाचाच घेतला, तिला तोच खुलेल.

दोन ओळी तरी लिही. एवढी माया अजून शिल्लक असेल ना?

तुझी,
ताई


२ मे

ती. सौ. ताई यांस,
सा. न. वि. वि.

बातमी कळली. तू आणि बाळ सुखरूप राहा. मनापासून लिहितेय, टोमणा नाही.

उशीर झाला, कारण आधी लिहिलेली पत्रं फाडली. त्यांत नुसत्या शिव्या होत्या. तू लिहिलंस की मला नको म्हटलं नाहीस, माझ्या वाट्याला आलं ते नको म्हटलंस. म्हणजे तुझ्या डोळ्यांपुढे मी अजून रडतच बसलेय. अगं, मी हसलेही आहे. हातातलं काम शिकले, नवऱ्याशी भांडले, भिंगरी झाली तेव्हा आनंदानं वेडी झाले होते. ते काही तुझ्या हिशोबात आलंच नाही. असलं जगणं कुणाच्या वाट्याला येऊच नये, असं तुला वाटतं, आणि ते तू माझ्यावरच्या मायेपोटी लिहितेस. ज्या एका माणसाला माझा रंग दिसत नाही असं मी समजत होते, त्याला तो सगळ्यांहून जास्त दिसत होता. आईनं निदान तोंडावर सांगितलं.

फ्रॉक पाठवू नकोस. भिंगरीला लाल आवडतो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी हट्टानं जाऊन तिला लालभडक फ्रॉक आणला.

इथंच थांबणार होते. पण तुला खोटेपणाबद्दल बोल लावायचा तर मीही खरं लिहायला हवं. तो फ्रॉक तिला घालत होते. ती पाठमोरी उभी, रंग माझाच, मी बटणं लावतेय, तिची अखंड बडबड चाललेली. माझ्या मनात आलं, ही पोटात यायच्या आधी मला कुणी समोर बसवून विचारलं असतं की कशी हवी, तर? ताई, मी वाट बघितली. हीच, असं लगेच यायला हवं होतं. नाही आलं. तिनं मान वळवून विचारलं की आई, थांबलीस का, आणि मी पुढचं बटण लावलं.

सुट्टीत आम्ही येणार नाही. नंतरही येणं होईलसं वाटत नाही. राग आहेच, पण रागाचं काय, तो कधीतरी जाईल. तुझं लेकरू गोरं निघालं, तर मी त्याला उचलून घेईन, मुका घेईन, आणि मग भिंगरीशेजारी ठेवून बघीन. बघीनच, हे मला आता माहीत झालंय. आणि मी बघताना भिंगरी माझ्याकडे बघत असेल.

कळावे.

ठमी